बारावीनंतर ॲम्ब्युलन्समधलं करिअर: फी भरायच्या आधी एवढं वाचून घ्या

जून लागला की माझ्या फोनवर एकाच टाइपचे कॉल सुरू होतात. "ताई, पोट्ट्याची बारावी झाली, नीटमध्ये काही जमलं नाही, कोणीतरी सांगून राहिलं की ॲम्ब्युलन्सचा कोर्स करून टाक, लगेच नोकरी आहे, तर ते कसं काय असते?" मी नागपुरात एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत ईएमटी आहे, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, नऊ वर्षं झाली, आणि रविवारी नवीन पोरापोरींना स्किल्स शिकवते, म्हणून हे कॉल माझ्या वाट्याला. यंदा तर सख्ख्या बहिणीचाच मुलगा आला. नाइट संपवून मी निघाले आणि आम्ही दोघं मेडिकल चौकाजवळ तर्री पोहे खायला बसलो, तर पहिला घास तोंडात जायच्या आधीच हा म्हणतो, "मावशी, मला १०८ वर लागायचं आहे, कोणता कोर्स करू?"

मी म्हटलं, बाप्पा, इथंच तर सगळे फसतात.

आपल्या महाराष्ट्रात १०८ च्या गाडीत मागं पेशंटजवळ जो बसतो तो डॉक्टर असतो. जानेवारी २०१४ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टवाल्या म्हणजे एएलएस, आणि ७०४ बेसिक म्हणजे बीएलएस, आणि दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर डॉक्टर ठेवायचा असं सुरुवातीपासून ठरलं. हे डॉक्टर बहुतेक बीएएमएस म्हणजे आयुर्वेदवाले, काही बीएचएमएस म्हणजे होमिओपॅथीवाले, बीयूएमएस म्हणजे युनानीवाले. गाडी चालवणाऱ्याला पायलट म्हणतात. तुम्ही नागपुरातून १०८ लावलं तरी फोन पुण्याच्या कंट्रोल रूमला जातो आणि तिथून जवळची गाडी निघते. म्हणजे ईएमटीचा कोर्स करून १०८ च्या मागच्या सीटवर बसायचं असा प्लॅन कोणी मनात धरून फी भरत असेल तर त्यानं आधी हे समजून घ्यावं, कारण ॲडमिशन देणारा हे सांगत नाही, तो भिंतीवर १०८ च्या गाडीचा फोटो लावून ठेवतो आणि आपण तेवढ्यावर समजून घेतो.

नंबरांचा घोळ पण लगेच मिटवून टाकते. १०२ ची गाडी गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांसाठी. ११२ हा सगळ्या इमर्जन्सीचा एकच नंबर, पोलिसांसकट. नॅशनल हायवेवर असाल तर १०३३. पुढे.

तर भाचा म्हणाला, मग बाकी राज्यांत पण डॉक्टरच असतात का? नाही. जगात याच्या दोन पद्धती आहेत. एकात डॉक्टरच गाडीत बसून पेशंटकडे जातो, फ्रान्समध्ये असं चालतं. दुसऱ्यात डॉक्टर हॉस्पिटलमध्ये बसतो आणि गाडीत नीट ट्रेनिंग दिलेला माणूस जातो, त्याला लागलं तर तो फोनवर डॉक्टरांना विचारतो. अमेरिका, इंग्लंड या बाजूचे. १९६६ मध्ये बेलफास्टला फ्रँक पँट्रिज नावाच्या हार्टच्या डॉक्टरांनी डिफिब्रिलेटर, म्हणजे हार्टला शॉक द्यायचं मशीन, गाडीत टाकून ते पेशंटच्या घरी न्यायला सुरुवात केली, त्या गाडीत डॉक्टर आणि नर्स असायचे. पुढच्याच वर्षी, १९६७ ला, अमेरिकेत पिट्सबर्गला फ्रीडम हाउस नावाची ॲम्ब्युलन्स सेवा निघाली, तिथं हिल डिस्ट्रिक्ट भागातल्या बेरोजगार काळ्या मुलांना पीटर सफर यांच्या देखरेखीखाली शिकवून गाडीवर पाठवलं. हे सफर म्हणजे ज्यांच्यामुळे आज आपण तोंडानं श्वास देणं शिकतो ते. ज्या मुलांना कोणी कामावर ठेवत नव्हतं त्यांच्यातल्या काहींचं तर शाळेचं शिक्षणही पूर्ण नव्हतं, आणि तीच मुलं पुढे रस्त्यावर पेशंटच्या श्वासनलिकेत ट्यूब टाकायला लागली. मला स्वतःला ही गोष्ट फार आवडते, कारण मी पण बारावी सायन्स ५२ टक्केवाली आहे.

आपल्या देशात १०८ सुरू झाली ती हैदराबादला, १५ ऑगस्ट २००५ ला, आणि तिथं गाडीत ईएमटी. नंतर बऱ्याच राज्यांनी तेच उचललं. इथून शिवनीकडे बॉर्डर ओलांडली की मध्य प्रदेशच्या १०८ मध्ये मागं ईएमटी बसलेला दिसेल. महाराष्ट्र वेगळा निघाला. हे बरोबर की चूक यावर आमच्यात रात्रभर भांडणं होतात. माझं मत विचाराल तर डॉक्टर असला म्हणून आपोआप काम चांगलं होतं असं नाही, साडेपाच वर्षांच्या बीएएमएसमध्ये कोणी उलट्या कारमधून माणूस बाहेर काढायला शिकवत नाही, त्यामुळे त्यांनाही हे ट्रेनिंग वेगळं घ्यावंच लागतं. पुण्यात सिम्बायोसिसचा इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसचा पीजी डिप्लोमा आहे तो त्यासाठीच, बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांसाठी. म्हणजे ज्याला काहीही करून महाराष्ट्राच्या १०८ मध्ये पेशंटजवळच बसायचं आहे त्याचा रस्ता आधी डॉक्टर होण्यातून जातो.

मग ईएमटी इथं करतो काय? भरपूर करतो. प्रायव्हेट हॉस्पिटलच्या गाड्या, बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांचे ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर, पॉवर प्लांट, हायवेवरच्या ॲम्ब्युलन्स, मॅरेथॉन आणि मॅचेस, एका गावाहून दुसऱ्या गावी पेशंट शिफ्ट करणं, आणि हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ट्रायाजला, म्हणजे कोणता पेशंट आधी घ्यायचा ते ठरवायला, उभं राहणं. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये उघडला तेव्हापासून तर आमच्याकडे हायस्पीड ॲक्सिडेंट म्हणजे काय हे सगळ्यांना कळलं, आधी ते पुस्तकात होतं.

आता लेव्हल्स. हा भाग जरा बोअर आहे पण फसवणूक इथंच होते. सगळ्यात खाली फर्स्ट रिस्पॉन्डर किंवा फर्स्ट एड, एक-दोन दिवसांचं, ते प्रत्येकानं करावं, नोकरीसाठी नाही. मग ईएमटी बेसिक, मग ईएमटी ॲडव्हान्स्ड, हे हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे कोर्स, काही महिन्यांचे. आणि मग डिप्लोमा-डिग्री, जिथं पॅरामेडिक हा शब्द खऱ्या अर्थानं लागतो. २०२१ मध्ये केंद्रानं अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशनल्ससाठी कायदा केला, त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट पॅरामेडिक हे नाव आलं, आधी आम्ही कागदोपत्री कोणीच नव्हतो. त्या कायद्यात तास पण लिहून दिलेत: अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी किमान २००० तास, दोन ते चार वर्षांत, आणि हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान ३६०० तास, तीन ते सहा वर्षांत. आता हे आकडे डोक्यात ठेवा आणि मग ती पाटी वाचा, "३ महिन्यांत पॅरामेडिक बना". ज्याला गणित येतं त्याला समजलं.

बेसिक आणि ॲडव्हान्स्डमधला फरक मी भाच्याला एका केसवरून सांगितला. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, सीताबर्डीच्या बाजूनं कॉल, पन्नाशीचा माणूस दुकानाच्या ओट्यावर आडवा, घामानं शर्ट पूर्ण भिजलेला, काहीतरी बरळतोय आणि आजूबाजूला वीस जण उभे, त्यातले पंधरा सांगून राहिले की पिऊन पडला आहे, राहू द्या, उतरली की जाईल घरी. मलाही तेच वाटलं, खरं सांगते. माझ्या सोबतची सिनियर मॅडम काही बोलल्या नाहीत, त्यांनी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला, श्वास बघितला, नाडी बघितली, आणि मला म्हणाल्या, शुगर बघ. ग्लुकोमीटरवर ३४, म्हणजे फारच कमी. डायबेटिसची गोळी घेऊन न जेवता उन्हात निघालेला माणूस. आता मी बेसिक, माझ्या हातात काय होतं, तर शुद्धीत असता आणि गिळता येत असतं तर तोंडानं साखर देणं, पण हा बरळत होता, तोंडात पाणी ओतलं असतं तर सरळ फुप्फुसात. मॅडम ॲडव्हान्स्ड, त्यांनी शिरेत लाइन टाकली, फोनवर आमच्या डॉक्टरांकडून ओके घेतलं आणि २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, त्यातून दिलं. थोड्या वेळात तो उठून बसला आणि पहिला प्रश्न काय, "माझी पिशवी कुठं आहे?"

या एका केसमध्ये अर्धा सिलॅबस आहे. एबीसीडीई म्हणतात आम्ही. ए म्हणजे एअरवे, श्वासाचा रस्ता मोकळा आहे का. बी ब्रीदिंग, श्वास चालू आहे का आणि कसा. सी सर्क्युलेशन, नाडी, रक्त कुठून वाहतंय का. डी डिसॅबिलिटी, शुद्ध किती आहे, बाहुल्या कशा आहेत, आणि शुगर. ई एक्स्पोजर, कपडे बाजूला करून नीट बघणं. जबर रक्त वाहत असेल तर ते ए च्याही आधी थांबवायचं. बस, एवढंच, आणि हे एवढंच रस्त्यावर लोकांच्या आरडाओरड्यात क्रमानं करता येणं म्हणजे ट्रेनिंग. लोकांना वाटतं या कोर्समध्ये खूप औषधं पाठ करावी लागत असतील. औषधं थोडी आहेत. क्रम सोडायचा नाही हे शिकायला महिने लागतात, कारण रक्ताळलेला पाय दिसला की डोळा तिकडेच जातो आणि त्या माणसाची जीभ मागं पडून श्वास अडकलाय हे कोणी बघत नाही. ओरडणारा पेशंट आधी घ्यावासा वाटतो. ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे, गप्प पडलेल्याकडे आधी जा, हे मी दर रविवारी सांगते आणि दर रविवारी निम्मे पोट्टे ओरडणाऱ्याकडेच पळतात.

माझी स्वतःची पहिली प्रॅक्टिकल परीक्षा सांगते. खोलीच्या मध्ये मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, आडवा, परीक्षक म्हणाले, सुरू करा. मी पळत गेले, गुडघे टेकले, खांदे हलवले, "काका, काका, ऐकू येतंय का?" परीक्षकांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "तू मेलीस. बाहेर जा." मॅनिकिनच्या पाठीखालून एक वायरचा तुकडा बाहेर आला होता आणि त्याचं टोक भिंतीतल्या सॉकेटकडे होतं. मी बघितलंच नाही. सहा सेकंदात नापास. सीन सेफ्टी हा सगळ्यात पहिला धडा, एबीसीच्या आधीचा, आणि पुस्तकात तो एका पानात संपतो म्हणून सगळे तो उडवतात. आता मी कुठंही गेले की दारातच अर्धा क्षण थांबते, घरी गॅस लीक झाला होता तेव्हा पण थांबले, नवरा हसला होता.

सीपीआर तर आजकाल सगळ्यांना माहीत असतो असं म्हणतात. आकडे सोपे आहेत, मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, ३० दाबांना दोन श्वास, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. हार्ट बंद पडल्यावर सीपीआर नसेल तर वाचायचा चान्स दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटतो, म्हणून घाई. पण हातानं करून बघा. भाच्याला आमच्या ट्रेनिंग रूममध्ये मॅनिकिनवर बसवलं, जिमला जातो, दंड दाखवत असतो. पहिली तीस मस्त. पन्नासाव्या सेकंदाला कोपर वाकायला लागले. एक मिनिट दहाला छाती वर यायच्या आधीच पुन्हा दाबायला लागला, म्हणजे हार्टमध्ये रक्त भरायला वेळच नाही, आणि त्याला वाटत होतं की तो फास्ट करतोय म्हणजे भारी करतोय. दोन मिनिटं होईपर्यंत नाकावरून घाम टपकत होता. म्हणून माणूस बदलायचा, दमला म्हणून नाही तर दमलेलं त्याला स्वतःला कळत नाही म्हणून.

ऑक्सिजनचा हिशोब हा माझा आवडता धडा आहे आणि तो कोणी नीट शिकवत नाही. विदर्भात आमचं अर्धं काम रेफरचं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळहून पेशंट नागपूरला मेडिकलला नाहीतर मेयोला, म्हणजे इथल्या दोन सरकारी हॉस्पिटलांत, आता मिहानच्या एम्सला. गाडीत १० लिटर मापाचं सिलिंडर आहे आणि गेजवर १५० बार दिसतंय, तर दोन्हीचा गुणाकार, १५०० लिटर ऑक्सिजन. पेशंटला मास्कनं मिनिटाला १० लिटर चालू आहे, तर १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, रस्त्यात पाऊस, पुलावर पाणी, एक ट्रक आडवा. झालं तुमचं गणित? आणि हे भरलेलं सिलिंडर धरून, गेज ५० वर असेल तर ५० मिनिटं. निघायच्या आधी हे करायचं, उमरेडला पोचल्यावर नाही. मला एकदा एका ड्रायव्हर दादांनी शिकवलं, डॉक्टरनं नाही: ते गाडी सुरू करायच्या आधी मागं येऊन स्वतः गेज बघायचे आणि मग विचारायचे, "म्याडम, किती लिटरवर आहे?" मी सांगितलं की मनात भागाकार करायचे आणि मान हलवायचे किंवा सरळ खाली उतरून दुसरं सिलिंडर आणायचे.

पुस्तकं बहुतेक बाहेरची, त्यामुळे त्यात बर्फात गोठलेल्या माणसाचा मोठा धडा असतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर. हीटस्ट्रोकमध्ये शरीराचं तापमान ४० च्या वर जातं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागतो किंवा बेशुद्ध होतो. इथं नेहमीचा नियम उलटतो, बाकी वेळी उचला आणि पळा, पण इथं आधी थंड करा आणि मग पळा, किंवा गाडीत करत करत पळा, कपडे सैल, अंगावर पाणी, ओल्या चादरी, बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत, आणि वारा. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही, तो तापच नाही. उन्हाळ्यात आमच्या गाडीत पाण्याच्या कॅन आणि जुन्या सुती चादरी असतात, त्या कोणत्याही स्टँडर्ड लिस्टमध्ये नाहीत.

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसे. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, हात-पाय हलू द्यायचा नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बऱ्याचदा दुखतच नाही, सकाळी पोटात दुखतं म्हणून उठतो आणि पापण्या खाली यायला लागतात. पापणी पडलेली दिसली की आमचं लक्ष त्याच्या श्वासावर, कारण पुढचा नंबर छातीचा असतो. मग अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, हातात घेऊन तयार बसायचं. औषध हॉस्पिटलमध्ये, आपण फक्त तिथपर्यंत श्वास चालू ठेवायचा.

आणि फवारणीचं विष. २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, जीव गेले, ते आठवत असेल सगळ्यांना. अशा पेशंटच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडातून लाळ, घाम, छातीत घरघर. पहिलं काम त्याचे कपडे काढून अंग धुणं, पण त्याच्याही आधी स्वतःचे ग्लोव्हज, आणि गाडीच्या खिडक्या उघड्या. तोंडातली लाळ ओढून काढायचं सक्शन हाताशी. कपड्यांवरचं विष तुम्हालाही लागतं, नवीन पोरं हे विसरतात आणि मग गाडीतून दोन पेशंट उतरतात.

एक गोष्ट जी कोणत्याच माहितीपत्रकात नसते, ती म्हणजे हँडओव्हर. तुम्ही रस्त्यावर कितीही भारी काम करा, कॅज्युअल्टीत पोचल्यावर तिथल्या रेसिडेंट डॉक्टरकडे तुमच्यासाठी अर्धं मिनिट असतं. वय, काय झालं, काय काय लागलंय, बीपी-पल्स-सॅच्युरेशन, मी काय दिलं आणि किती वाजता. एवढं. माझी एक विद्यार्थिनी "सर, आम्ही साडेदहाला तिथं पोचलो तेव्हा खूप गर्दी होती" इथून सुरुवात करायची, डॉक्टर तोपर्यंत दुसऱ्या बेडवर. आम्ही तिला घड्याळ लावून बोलायला लावलं, महिनाभर, रोज. आणि कागद, पेशंट केअर रेकॉर्ड, त्यावर वेळा नीट लिहायच्या, कारण पॅरालिसिसच्या पेशंटमध्ये रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली हे घरच्यांना विचारायला तुमच्याशिवाय कोणी नव्हतं तिथं.

अंगमेहनतीचं पण सांगून ठेवते. तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नाही, जिना अरुंद, इतवारीतलं जुनं घर, नव्वद किलोचे आजोबा. कमरेतून वाकून उचललं की दोन वर्षांत तुमचीच कंबर गेली. पायांतून उचलायचं, ओझं अंगाजवळ, आणि एकानं मोजायचं. मुलींना जमेल का असं मला अजून विचारतात, मी पंच्याहत्तर किलोचा मॅनिकिन खुर्ची-स्ट्रेचरवरून उतरवून दाखवते आणि मग विचारणाऱ्याला म्हणते, आता तू. शिफ्ट बारा तासांच्या असतात बऱ्याच ठिकाणी, दिवाळी-होळीला तर सुट्टी विसराच. आणि मृत्यू बघावे लागतात, लहान मुलांचे पण. त्याचं ट्रेनिंग मला कोणी दिलं नाही, द्यायला पाहिजे होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी गाडी धुवायला घेतली आणि एक तास धूतच होते, शेवटी पायलट दादांनी पाइप हातातून घेतला आणि चहा आणून दिला, काहीच बोलले नाहीत.

आता फी. माझा स्वतःचा कोर्स जिथं झाला तिथं चाळीस मुलांमागं एक मॅनिकिन होता आणि त्याच्या छातीचा क्लिक मोडलेला, म्हणजे दाब बरोबर पडला की नाही ते कळायचंच नाही, सर सांगायचे "आवाज आला समजा". नाव नाही घेत. हॉस्पिटल पोस्टिंग म्हणून आम्हाला आठ दिवस एका नर्सिंग होममध्ये बसवलं, तिथं आम्ही फाइली लावल्या. जे आलं ते नंतर नोकरीत सिनियरच्या हाताखाली आलं. म्हणून भाच्याला मी प्रश्न लिहून दिले, टिश्यू पेपरवरच, तर्रीचा डाग पडलेल्या. सर्टिफिकेटवर सही कोणाची, स्किल कौन्सिल, युनिव्हर्सिटी की फक्त तुमचीच संस्था? एकूण तासांतले कॅज्युअल्टीत किती आणि चालत्या ॲम्ब्युलन्समध्ये किती, आणि ते कोणत्या हॉस्पिटलबरोबर लेखी ठरलंय? मॅनिकिन किती? शिकवणारा शेवटचा गाडीवर कधी बसला होता? मागच्या बॅचचे दोन फोन नंबर द्या, आम्ही बोलतो. "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हटलं तर कुठं, कोणत्या पोस्टवर, हे विचारायचं, कारण वॉर्डबॉय म्हणून लावलं तरी ते प्लेसमेंटच धरतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस कार्ड कोर्समध्ये मिळेल असं सांगतात, मिळत असेल तर चांगलंच, पण ते अधिकृत ट्रेनिंग सेंटरचंच असावं आणि ते दोन वर्षंच चालतं, मग पुन्हा करावं लागतं. आणि त्या एका कार्डावर कोणी ईएमटी होत नाही, ते एका दिवसाचं असतं.

ज्यांना नोकरी नको, फक्त घरात-सोसायटीत कोणी पडलं तर काहीतरी करता यावं असं वाटतं, त्यांच्यासाठी इंडियन रेसुसिटेशन कौन्सिलचा फक्त छाती दाबायचा छोटा कोर्स आहे, कॉल्स म्हणतात त्याला, तोंडानं श्वास द्यायचा नाही म्हणून लोक घाबरत नाहीत. आणि रस्त्यावर मदत केली तर पोलिसांच्या लफड्यात पडू ही भीती सोडा, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४ अ आलं, चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, नाव सांगायची पण सक्ती नाही.

भाचा मागच्या आठवड्यात दोन ठिकाणी जाऊन आला. पहिल्या ठिकाणी ॲम्ब्युलन्समधले तास किती असं विचारलं तर तिथले सर चिडले, म्हणे आधी ॲडमिशन तर घे, मग सगळं सांगतो. दुसऱ्या ठिकाणी मॅडमनी चपला काढायला लावून आत स्किल लॅबमध्ये नेलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. "मावशी, पाच मॅनिकिन आहेत, पण एकाचा हात निघाला आहे. चालते का?"